ह्यांच्या वाट्याची बुडी

३० जाने., शुक्रवार
बॅग भरली. पल्लवीने किती वेळा सांगितलं, आई तिकडे सगळं मिळतं. मिळतं, पण काय भावाने. शेंगदाण्याची चटणी, दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, इसबगोल घेतलं. देवांची पूजा शेजारच्या शिंदेवहिनी करतील, त्यांना फुलपुडीचे पैसे देऊन ठेवले.
पल्लवीला नोकरीत बोनस मिळाला, त्यातून ती आम्हा दोघांना अंदमानला नेते आहे. समुद्राच्या तळाशी पाठीवर नळकांडं बांधून उतरतात म्हणे. तिघांचेही पैसे भरून मोकळी झाली. मी सांगितलं मी काठावर बसेन. हे मात्र आठवडाभर दुसरं बोलत नाहीत. मार्केटातले सोबती फोन करतात, त्यांनाही तेच. "आयुष्यभर बटाट्याची पोती उचलली, आता समुद्र उचलतो."
गावाकडे कुणाची कळशी विहिरीत पडली की ह्यांना बोलावणं यायचं. कोरेगावपासून बोलावून नेत. एका दमात तळ गाठून वर. लग्नात माझ्या मामाने हेच कौतुक सांगितलं होतं, दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं.
पण तेव्हा हृदयात जाळी नव्हती. तीन वर्षं झाली ती बसवून. मी विषय काढला तर म्हणाले, "खाली काय पोतं उचलायचंय का."

२ फेब्रु., सोमवार
पहाटे निघालो, संध्याकाळी बेटावर. विमान, मग मोठी बोट. विमानात पाण्याच्या बाटलीचे सत्तर. घेतली नाही.
इथे साडेपाचलाच अंधार पडतो. घड्याळ आपलंच, पण दिवस लवकर उरकतो. सांजवात साडेसहाला लावायची सवय, आज उशीरच झाला. रूमवर आगपेटी पेटवू देत नाहीत, मग नुसतेच हात जोडले.
समुद्र आपल्या खाडीसारखा नाही. तळाची वाळू दिसते. हे पॅन्ट वर करून गुडघ्यापर्यंत उभे राहिले, बराच वेळ. हाक मारली तरी वळले नाहीत.

३ फेब्रु., मंगळवार
आज जे केलं ते लिहिते.
पाण्यात नेणारी बाई नाओमी, तिशीची, इथलीच. तिचे पणजे ब्रह्मदेशातून आले. हिंदी गोड बोलते. तिने फॉर्म दिले. घरातले सगळे फॉर्म मीच भरते, रेशनपासून गॅसपर्यंत, तेव्हा हाही माझ्याच पुढ्यात आला. इंग्रजीत होता पण सोपं इंग्रजी. दमा आहे का, कान फुटलाय का, फिट येते का. सातवा प्रश्न हृदयाचा. आठवा, रोजची औषधं.
पल्लवी बूट मापायला आत गेली होती.
हे हळूच म्हणाले, "नो लिव."
मी पेन धरून बसले.
"अगं लिव की. तीन वर्सं झाली. येस लिवलंस तर ती बाई मला काठावर बसवंल, तुझ्यासंगट."
मी नो लिहिलं. दोन्हीकडे. त्यांनी खाली सही ठोकली आणि पेन खिशाला लावून टाकलं, ते पेन त्या बाईचं होतं.
पल्लवीने बाहेर येऊन विचारलं, "सगळं नीट भरलं ना?" तिला वाटलं असेल डॉक्टरला विचारून झालंय. मी मान हलवली.
रात्री स्तोत्र म्हणताना तीन ठिकाणी चुकले. जे बेचाळीस वर्षांत चुकलं नाही ते.

४ फेब्रु., बुधवार
सकाळी ह्यांची कंबरभर पाण्यात शिकवणी झाली. तोंडात नळी घेऊन श्वास, चष्म्यातलं पाणी काढणं. पुण्याच्या एका नवरा-बायकोला अर्धा तास लागला. ह्यांना पाच मिनिटं. नाओमी म्हणाली, "अंकल तो मछली है." हे हसले. असं हसणं जाळी बसल्यापासून पाहिलं नव्हतं. ते पाहून मी गप्प बसायचं नक्की केलं होतं.
मग सगळे होडीतून खोल पाण्याकडे. मी बघायला बरोबर. पल्लवी दुसऱ्या माणसाबरोबर आधी उतरली. ह्यांच्या पाठीवर नळकांडं चढवलं, कमरेला शिशाचा पट्टा. पट्टा आवळताना नाओमीने सहज विचारलं, "अंकल, रोज का कोई दवाई?"
"नही."
ह्यांची दुपारची गोळी माझ्या पर्समध्ये होती. रक्त पातळ ठेवायची. पर्स मांडीवर.
मी म्हटलं, "लेते हैं. हार्ट की. मैंने फॉर्म में झूठ लिखा."
पुण्याची बाई उगाच समुद्राकडे बघायला लागली. नाओमी ह्यांच्यापुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, "अंकल, सॉरी. डॉक्टर का लेटर हो तो मैं खुद ले जाऊंगी. आज नहीं." ओरडली नाही. मला म्हणाली, "आंटी, अच्छा किया," ते ह्यांनी ऐकलं. ते तिने बोलायला नको होतं.
पायातले पंखे ह्यांनी स्वतःच काढले. मग पाण्यावर पल्लवीच्या श्वासाचे बुडबुडे येत होते ते बघत बसले, ती वर येईपर्यंत.
परत आल्यापासून माझ्याशी अबोला. पल्लवीलाही कळलं. ती मलाच रागावली, "आई, तू नो लिहिलंसच कसं? आणि बाबा, तुम्ही?" तिचं खरं आहे.
जेवताना ताटाकडे बघून एकदाच बोलले, तेही पल्लवीला. "तुझ्या आईला म्हणावं, खरं बोलायची हौस फिटली आसंल तर दोन माणसांचं पैसं बुडलं ते हिशोबात लिव."

५ फेब्रु., गुरुवार. संकष्टी
मी उतरले.
सकाळी नाओमीला विचारलं, पैसे परत मिळतील का. म्हणाली नाही, पण आज तुमची जागा आहे. माझा फॉर्म परत मागून घेतला, पहिल्यापासून वाचला. मला काहीच आजार नाही, सगळीकडे खरंच नो. पल्लवी म्हणाली, "आई, हट्टाला पेटू नकोस." हट्ट नव्हता. काय होतं ते मलाही नक्की सांगता येत नाही.
उपास आहे म्हटलं तर नाओमी काळजीत. दोन केळी आणि एक लाडू तिच्यासमोर खाल्ला. मंगळसूत्र रबरी अंगरख्याच्या आत सरकवलं. तो अंगरखा घालायला दोन बायका लागल्या, हसून हसून माझा निम्मा दम तिथेच गेला. हे होडीत नव्हते. काठावर नारळाच्या बुंध्याला टेकून बसले होते, पाठ आमच्याकडे.
खाली गेल्यावर कानात खुंटी मारल्यासारखं झालं. नाक दाबून फुंकलं तसं सुटलं. स्वतःचा श्वास एवढा मोठ्याने कधी ऐकला नव्हता. नाओमीने खुणेने विचारलं, ठीक? मी अंगठा वर केला. तिने मला धरलं आणि सरळ वर आणलं. पाण्याबाहेर विचारते, "आंटी, क्या हुआ?" म्हटलं काही नाही, मस्त चाललंय. तेव्हा म्हणाली, इथे अंगठा म्हणजे वर चला. ठीक असेल तर बोटांचं कडं. सकाळच्या शिकवणीत हे तीनदा सांगितलं होतं.
परत खाली. आता कडं.
काय पाहिलं ते धड लिहिता येत नाही. दगड वाटले ते दगड नव्हते, जिवंत. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं पोवळं, घमेल्याएवढं, आणि त्यातून टाचणीएवढे निळे मासे आतबाहेर. एक मासा माझ्या चष्म्यासमोर येऊन थांबला, मालकीण कोण हे बघून गेला. घाई कुणालाच नाही. मी रामनाम घेत होते, नळीतून नुसते बुडबुडे.
वर आले तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काठावर हे नव्हते. रूमवर गेले होते.
संध्याकाळी अंगणात बसले. कॅलेंडरात चंद्रोदय साडेनऊच्या पुढचा. भूक अशी की झावळीतला वारा पोटात ऐकू येत होता. नारळांच्या पलीकडे काय आहे ते माझ्या बाजूने दिसत नव्हतं. हे आले, उभे राहिले.
"चंद्र उगवून अर्धा तास झाला."
म्हटलं, कॅलेंडरात साडेनऊ आहे.
"ते मुंबईचं. इथं दिवस लवकर उगवतो तर चंद्र काय तुझ्यासाठी थांबल? चल, उठ."
हात धरून किनाऱ्यावर नेलं. चांगला हातभर वर आला होता. मुंबईचा वेळ इथे लावून बसले होते, तीन दिवस अंधार लवकर पडताना बघूनसुद्धा. पाण्याचं अर्घ्य दिलं, नैवेद्याला लाडू. अर्धा ह्यांना दिला.
खाऊन झाल्यावर विचारलं, "कानाला दडे बसले का?"
"बसले. फुंकल्यावर सुटले."
"तळ दिसला?"
"सगळा दिसला."
हातावरचा लाडवाचा भुगा झटकला. मग म्हणाले, "विहिरीत तळ हाताला लागायचा. दिसायचा कधीच न्हाई. चिखल नि अंधार."
मग मी सगळं सांगितलं. माझं सांगणं तुटक, ते मधे मधे विचारत. मासा किती जवळ. पाणी गार का. वर बघितलं तर कसं दिसतं. हे शेवटचं मी बघितलंच नव्हतं. "वर बघायचं अस्तंय," म्हणाले, "माझ्या जागी गेलीस नि वर बघितलं न्हाईस."

८ फेब्रु., रविवार
काल रात्री कोपरखैरणेला पोचलो. घर ठीक. शिंदेवहिनींना प्लास्टिकच्या शंखांचं तोरण आणलं, खरा शंख आणू देत नाहीत. सहलीचा हिशोब पल्लवी करू देत नाही, तरी वरखर्च मांडला. बुडालेले पैसे एका माणसाचे, पल्लवीने ते वहीत खोडायला लावले.
हे बोलतात. पण फॉर्मबद्दल नाही, होडीबद्दलही नाही.

११ फेब्रु., बुधवार
सकाळी चहा पिताना, "वाशीच्या डॉक्टरचा नंबर कुठाय?" मला वाटलं छातीत दुखतंय. बशी ठेवून मी उठलेच. तर म्हणाले, "लेटर पायजे त्या बाईला. म्हणाली हुती ना, लेटर आसंल तर खुद्द नेईन."
दुपारी गेलो. डॉक्टर जुने, जाळी त्यांनीच बसवली. आधी हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, पट्ट्यावर पळवून तपासणी करू, रक्त बघू, मग सांगतो. चांगली आली तरी सही करेनच असं नाही. हे म्हणाले, "चांगली आली तर का न्हाई?" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे.
रिक्षात म्हणाले, "तू आडवी येऊ नकोस."
म्हटलं, खोटं लिहिणार नाही. एवढंच.
"खोटं नगंच हाय मला आता."

१३ फेब्रु., शुक्रवार
तपासणी झाली. पट्ट्यावर नऊ मिनिटं पळाले. वायरी लावलेल्या, बनियन काढून. दारातून दिसत होते. आतली मुलगी म्हणाली, काका बास आता, तर हात हलवून अजून म्हणाले. बाहेर आले तेव्हा घामाने निथळत होते, चेहरा होडीतल्यासारखा, उतरायच्या आधीचा.
रिपोर्ट सोमवारी.

१५ फेब्रु., रविवार. महाशिवरात्र
उपास. दोघं महादेवाच्या देवळात. रांग थेट कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत. हे गुडघ्याचं निमित्त सांगून बाहेर चपला सांभाळत उभे.
तीन वर्षं इथे एकच मागितलंय, ह्यांची तब्येत. पिंडीशी पोचले, बेल वाहिला, हात जोडले आणि अडले. रिपोर्ट चांगला यावा म्हटलं तर ते निघाले खोल पाण्यात. वाईट यावा असं कुठली बाई मागेल. पुजारी म्हणाला, चला मावशी. बाहेर आले.
"मागितलंस?" ह्यांनी विचारलं.
"नाही. मागून ढकलत होते."
माझ्याकडे बघितलं. काय कळायचं ते कळलं असावं. चपला माझ्या पायाजवळ ठेवल्या नाहीत, काखेतच धरल्या. "मग परत लाग रांगेत. मी हाय हितं."
परत लागले. पुढे साठ-सत्तर बायका, ऊन चढलेलं, पाऊण तास गेला. दुसऱ्यांदा पिंडीपुढे उभी राहिले. रिपोर्ट चांगला येऊ दे, एवढं म्हटलं. त्याच्या पुढचं काही सुचायच्या आत मागच्या बाईचं कोपर लागलं.
उद्या साडेअकराला बोलावलंय.