झाड चोरीला गेलं नाही

प्रिय भावोजी एंगलबर्ट यांस, ट्राउडेवहिनीचा मनापासून नमस्कार. तुमची कंबर आता बरी असेल. जाऊबाईंचा खोकला गेला का? (मधात मुळा घालून द्या म्हटलं होतं, दिला नसणारच.) आमची खुशाली विचारू नका. फोनच करणार होते, पण तो स्वयंपाकघरात आणि त्याच्याच शेजारच्या बाकावर तुमचे बंधू गॉटफ्रीड भिंतीकडे तोंड करून निजलेत.

भावोजी, मे महिन्यात फिती बांधून उभारतो ते आपलं झाड चोरीला गेलं नाही. हो, बरोबर वाचलंत, गेलं नाही! अजून चौकात जसंच्या तसं उभं आहे. मला मेलीला अजून खरं वाटत नाही. आजवर नदीपलीकडचे दरवर्षी न चुकता ते पळवायचे, आपण बोंबलत जाऊन बिअरची पिंपं देऊन सोडवून आणायचो, आणि मग दोन्ही गावं एकमेकांची उणीदुणी काढत पीत बसायची.

त्यात यंदा गॉटफ्रीडने हिवाळाभर खपून झाडाला बांधायच्या फिती विणल्या. फितींची गिरणी बंद पडल्यावर त्याने गोठ्यात आणून बसवलेला माग तुम्हाला ठाऊकच आहे. (खडखडाटाने माझं डोकं उठलं. गाय असती तर तिनेही घर सोडलं असतं.) लाल-पांढऱ्या फिती, सोनेरी काठ, काय सांगू! आधी तो स्वतः इमानदारीने पहाऱ्याला बसला. कुणी फिरकेना, तसा खानावळीत जाऊन चौकाकडे पाठ करून बसला. तरी कुणी नाही. मग झाडाखाली करवत विसरल्यासारखी ठेवली. मी चोरांसाठी खसखशीच्या नूडल्सचं भांडं ठेवून आले, ते पाद्रीबाबांच्या कुत्र्याने चाटूनपुसून साफ केलं.

शेवटी बेकरीत नदीपलीकडचा विल्फ्रीड भेटला. हाच त्यांचा पुढारी, म्हणून मी लाज सोडून विचारलं. तर मेला पाव काखेत मारून म्हणतो कसा, "वहिनी, आमची पोरं सगळी व्हिएन्नाला. उरलेल्यांचे गुडघे गेले. तुम्हीच आणून ठेवा ना, बिअर प्यायला आम्ही आहोतच."

माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. हे घरी सांगायला नको होतं, पण माझ्या तोंडात तीळ भिजेल तर ना! गॉटफ्रीडने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "गिरणी बुडाली तेव्हा कळलं, आपल्या फिती कुणी विकत घेत नाही. आता तर कुणी चोरतसुद्धा नाही." सोमवारी माग फोडून सरपण करणार म्हणतोय. भावोजी, हा माणूस कधी रडत नाही, म्हणूनच मला भीती वाटते.

बाकी ठीक. बटाटे लावून झाले.

तुमची वहिनी,
ट्राउडे

ता.क. तुमच्या गॅरेजातली ती दणकट मंडळी रविवारी मोकळी आहेत का? आपल्याकडे रविवारपर्यंत झालेलीच चोरी मोजतात. ट्रक घेऊन या, झाड न्या, नदीपलीकडचे आहोत म्हणा. विल्फ्रीडला मी पटवते. ह्यांना मात्र अवाक्षर कळता कामा नये.

ता.ता.क. एंगल, तुझी वहिनी पाकिटाला लावायचं तिकीट शोधतेय तोवर लिहितो. मी खानावळीत पाठ करून बसेन, तुम्ही खुशाल या. तिला कळू देऊ नकोस, बिचारीला वाटू दे मला फसवलं म्हणून. आणि एकाच पिंपावर झाड सोडलंत तर याद राखा.
गॉटफ्रीड