आक्कांच्या डब्यात मेथी

अहो,

ज्या डब्यासाठी तुम्ही आठवडाभर घर डोक्यावर घेतलंत, तो प्रज्ञाच्या शाळेत आहे आणि त्यात मेथी उगवलीये. शाळेचा उपक्रम सप्ताह चाललाय ना, बाईंनी बी पेरायला घरून काहीतरी आणायला सांगितलं होतं. बाकीच्या पोरांनी करवंट्या नेल्या, आपल्या लेकीने तुमचा कारखान्याचा डबा उचलला.

मग बाईंनी सगळ्यांना पोस्टात नेलं आणि भांडं ज्याचं, त्याला प्रदर्शनाचं आमंत्रण लिहायला लावलं. डब्यावर कोरलंय 'भागीरथीकडून भेट'. पोरीने सरळ बदलापूरला आत्याला कार्ड टाकलं, "आत्या, तुझ्या डब्यात मेथी आलीये, शनिवारी बघायला ये."

तुम्हा भावाबहिणीचं जमिनीवरून बिनसल्यापासून आक्का आपली पायरी चढल्या नव्हत्या. आज तुम्ही पहिल्या पाळीला गेलात आणि थोड्या वेळाने त्या दारात उभ्या! हातात पिशवीभर आवळे. प्रज्ञाने त्यांना चहासुद्धा पिऊ दिला नाही, ओढतच शाळेत नेलं. मीही निघाले.

भात झाकून ठेवलाय, दोन घास खा, इस्त्रीचा शर्ट घाला आणि तडक शाळेत या. आक्का मुक्कामाला आहेत, रात्री मटण करू. आधी तुम्ही बोला, धाकटे आहात.

डब्यावरून पोरीला एक शब्द बोलायचा नाही. आणि तिला आत्याचा पत्ता कुणी सांगितला म्हणून मला विचारलंत, तर उद्या मेथीच्या भाजीत मीठ घालणार नाही.

प्रज्ञाची आई