डाव्या दाराचा स्पीकर

मंगळवार, ४ मार्च

परत गेला. पाण्याच्या टाकीच्या चढावर, गाणं ऐन रंगात आलेलं असताना. डाव्या दारातला स्पीकर गप्प, उजवा आपला चालू. मी म्हटलं, "अहो, येईल आत्ता." हे म्हणाले, "वळव गाडी."

वळवली. काय करणार?

ह्यांची डावी बाजू गेली त्याला पाच महिने झाले. तोंड सरळ झालं, हात थोडाफार आला, जीभ तर पहिल्याच आठवड्यात कामाला लागली. पाय मात्र आला नाही. दवाखान्यात व्यायामाला चला म्हटलं की भिंतीकडे तोंड करून पडायचे. शेवटी आमचा तह झाला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी दहाला रेडिओवर जुनी गाणी लागतात तेव्हा गाडीत बसायचं. "मी गाणी ऐकायला येतोय, व्यायामाला नाही." म्हटलं चालेल, तसं तर तसं. पण ह्यांचा उजवा कान लहानपणापासून बंद. म्हणजे सगळा तह त्या डाव्या दारातल्या वीतभर स्पीकरवर उभा! आणि तोच मेला ऐन वेळी दगा देतो.

आजचा व्यायाम बुडाला. या महिन्यात— नको, मोजत नाही.

बुधवार, ५ मार्च

गाडी इलेक्ट्रिशियनकडे नेली. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर, आणि शोधतो तिसराच. हाही ह्यांच्याकडेच गाडी शिकलेला. अर्धं गाव शिकलंय. एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. मी टेबलावर फॉर्म भरायची आणि हे शिकाऊ गाडीत डावीकडे बसायचे, पायाशी स्वतःचा वेगळा ब्रेक, वेगळा क्लच. शिकणारा उजवीकडे, म्हणजे बंद कानाच्या बाजूला. त्याची रडगाणी ह्यांना ऐकूच जायची नाहीत. म्हणून तर नावाजलेले मास्तर!

इलेक्ट्रिशियनने तासभर रेडिओ लावून ठेवला. दार चाळीस वेळा उघडलं, चाळीस वेळा आपटलं. एकदाही गेला नाही. "काकू, चालतोय की हो." डॉक्टरच्या दारात गेलं की दाढ दुखायची थांबते, तसलीच गत.

म्हणाला, "कुठे गेला, कधी गेला, लिहून ठेवा. खड्डा होता का, काच वर होती की खाली, दार तापलं होतं का." ही वही आहेच. त्यात आता हेही.

गुरुवार, ६ मार्च

टाकीचा चढ: गेला, वर पोचल्यावर आला. काच वर. खड्डा नाही.
शाळेच्या वळणापुढे: गेला, लगेच आला.
सिग्नलनंतर: नाही.
नदीकडचा सपाट रस्ता: एकदाही नाही.

आज पोचलो तरी. ह्यांना गाडीत बसवणं म्हणजे एक सोहळा असतो. आधी पाठ टेकवायची, मग उजवा पाय स्वतः आत घेतात. डावा मी दोन्ही हातांनी उचलून आत ठेवते, दाराला लागून, कारण तो तिकडेच कलतो. "ते लाकूड नीट ठेव," म्हणतात. मला तो शब्द अजिबात आवडत नाही. पन्नासदा सांगितलं. ऐकतील तर शपथ.

शनिवार, ८ मार्च

इलेक्ट्रिशियनने निदान केलं: दार आणि गाडी यांच्यामध्ये रबरी नळी असते, तिच्यातून वायरी जातात. दार उघड-मिट करून वायर आतल्या आत तुटते, वरून धडधाकट दिसते. "नव्वद टक्के तेच असतं, काकू." नवी वायर घातली.

टाकीच्या चढावर गेला. आम्ही उरलेल्या दहा टक्क्यांतले.

मंगळवार, ११ मार्च

आज त्याने डाव्या दाराचा स्पीकर उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. मला नीट समजावून सांगितलं. आता उजवीकडचा जायला लागला तर दोष स्पीकरचा, आणि डावीकडचाच जात राहिला तर स्पीकर निर्दोष. मला पटलं. किती सरळ आहे! माणसाचंही असं करता आलं असतं तर मी माझा डावा पाय ह्यांना लावून बघितला असता.

डावीकडचाच गेला. दोनदा. चढावर आणि बाजाराच्या तोंडाशी. बाजाराशी गर्दी होती, गाडी कण्हायला लागली, बंद पडते की काय असं झालं, मागून सगळे हॉर्न वाजवत होते आणि त्यात हे म्हणतात, "गाणं गेलं." जसं काही मीच गिळलं.

गुरुवार, १३ मार्च

गेला. वळवली. लिहिण्यासारखं काही नाही.

शनिवार, १५ मार्च

इलेक्ट्रिशियन स्वतः बरोबर आला. तो पुढे डावीकडे बसला, दाराला कान लावून. हे मागे. टाकीचा चढ, शाळेचं वळण, बाजार, सगळं दोनदा फिरवलं. स्पीकर असा गोड वाजला की बोलायची सोय नाही. शेवटी त्याने कपाळावरचा चष्मा काढून पुसला आणि हळूच विचारलं, "काकू, नक्की जातो ना?" म्हणजे मला भास होतात. ह्यांनाही होतात. दोघं मिळून भास काढतो आम्ही, दुसरा उद्योग नाही ना!

चढावर मी गिअर उशिरा बदलला. गाडी थरथरली, तेव्हा त्याने वरची दांडी घट्ट धरली. मला दिसलं. मागे हे होते, एक अक्षर बोलले नाहीत.

मला ते लागतं. वीस वर्षांपूर्वी मला शिकवताना "क्लच! अगं क्लच दाब आधी!" असं इतकं ओरडले होते की मी भर रस्त्यात किल्ली ह्यांच्या मांडीवर फेकून चालत घरी आले होते. तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आता पाच महिने रोज चुका करते, ह्यांच्या शेजारी बसून करते, आणि हे खिडकीबाहेर बघत राहतात. मला शिव्या द्या, खुशाल द्या. हे गप्प बसणं नको. ह्यांना आता कशाचंच काही पडलेलं नाही असं वाटतं, आणि पायापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते.

सोमवार, १७ मार्च

भांडलो. मी म्हटलं, गाणी घरी ऐका आणि व्यायामाला व्यायाम म्हणून चला. "कशाला?" म्हणाले. "लाकडाला कवायत शिकवून काय ते चालणारे का?" मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "तू थकलीस. राहू दे आता." रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. मायेने बोलले.

मी खाली जाऊन गाडीत बसले. पट्टा लावून बसले, कुठे जायचं नसताना. रडले. रेडिओ लावला. दोन्हीकडून छान वाजत होता हलकट.

मंगळवार, १८ मार्च

आज चढावर गेला तरी वळवली नाही. गाडी तशीच पुढे दामटली. तिथे पोचल्यावर हे डोळे मिटून पडून राहिले.

व्यायाम घेणारी मुलगी मला बाहेर घेऊन गेली. गुणी पोर आहे, तिला सांगताना जड जात होतं. "शनिवारी एकोणतीसला मोठे डॉक्टर बघतील. पायात काहीच हालचाल दिसली नाही तर आपण इथले व्यायाम थांबवू. बरेच पेशंट वाट बघतायत, मावशी." मग म्हणाली, "घरातली दारं मोजून ठेवा. चाकांची खुर्ची जाते का बघायला लागेल."

संध्याकाळी हे झोपलेले असताना मोजली. स्वयंपाकघर जाईल. न्हाणीघर नाही, चार बोटं कमी पडतात. टेप हातात धरून कितीतरी वेळ तिथेच उभी होते.

गुरुवार, २० मार्च

इलेक्ट्रिशियनने त्याच्या दुकानातला दुसरा रेडिओ बसवून दिला, दोन दिवस बघा म्हणून. गेला. वायर नवी, स्पीकर अदलाबदल केलेले, रेडिओ दुसरा. आता बदलायला गाडी आणि बायको एवढंच उरलंय, असं मी म्हटलं. हे हसले. जरासेच, पण हसले.

शुक्रवार, २१ मार्च

सापडलं!

इलेक्ट्रिशियन हट्टाला पेटलेला. आज दाराचं आतलं अख्खं आवरण उतरवलं. स्पीकरवर जाळी असते ती मधे चेपली आहे, बाहेरून आत. मागे वायर जोडायची पिन तिला घासते. त्याने अंगठ्याने जाळी दाबली: आवाज गेला. सोडली: आला. दाबली, गेला. वीस वेळा केलं असेल त्याने, लहान मुलासारखं.

"इथे काय ठेवता? पिशवी? पाण्याची बाटली?"

काही नाही ठेवत. तिथे फक्त ह्यांचा पाय असतो.

तो म्हणाला, "मग तोच. वळणावर कलत असेल, जाळीवर भार येत असेल. मेलेलं वजन ना—" आणि जीभ चावली. मी म्हटलं, असू दे. म्हणून तर तो बसला तेव्हा गेला नाही. म्हणून मी एकटी बसले तेव्हा गेला नाही. सोमवारी येऊन जाळीच्या आत पत्रा बसवून देणार, मग हत्ती टेकला तरी जायचा नाही म्हणतो.

आनंद व्हायला हवा होता. पण ह्यांचाच पाय ह्यांचं गाणं बंद पाडत होता, हे ह्यांना कुठल्या तोंडाने सांगू? सांगितलंच नाही. वायर सैल होती म्हटलं.

शनिवार, २२ मार्च

टाकीचा चढ सरळ आहे. तिथे वळणच नाही, तर पाय कलेल कसा? चढावर लागल्यावर हे माझ्या डोक्यात आलं. विचारात गिअर राहिला, गाडी तिसऱ्यावरच कण्हायला लागली आणि गाणं गेलं. मी खाली बघितलं. ह्यांचं पाऊल पुढे सरकलं होतं. पंजा खाली दाबलेला, पोटरी ताठ होऊन जाळीला टेकलेली. क्लच दाबत होते. हे स्वतः खिडकीबाहेर बघत होते.

मी गिअर टाकला. पाय मागे आला. गाणं आलं.

बाजाराशी मुद्दाम गिअर बदलला नाही. परत दाबला.

तिथे गेल्यावर त्या मुलीने सांगून पाहिलं, पाय हलवा. नाही हलला. परत येताना तिलाच मागच्या सीटवर बसवून आणली. चढावर तिने पुढे वाकून बघितलं आणि माझा खांदा धरला. ह्यांना आम्ही अजून काही बोललो नाही. कळलं तर थांबेल की काय, अशी भीती वाटते.

इलेक्ट्रिशियनला फोन केला. म्हटलं, सोमवारी येऊ नका, स्पीकर आहे तसाच राहू द्या.