एकशे चाळीस लिफाफे आणि तुझी स्क्रिप्ट

मु. पो. पिंपळगाव राजा (दोन शब्द, मधात जागा)

चि. प्रज्वल, म्हणजे पुण्यातले मोठे इंजिनिअर साहेब यांस,

सुवर्णाआत्याचे पोटभर आशीर्वाद. इकडे सारे धडधाकट आहेत, माझं बीपी तेवढं वर गेलं आहे. तुझी तब्येत झकासच असेल. दुसऱ्याच्या लग्नाचा इस्कोट करून माणसाले झोप चांगली लागते म्हणतात.

दिवाळीत माझ्या छपाईच्या दुकानात बसून तूच म्हटलं होतं नं, आत्या, लिफाफे हातानं काऊन लिहिते? अन् दहा मिनिटांत स्क्रिप्ट लिहून दिली. यादीतून नाव, गाव अन् आवतनाचा प्रकार उचलायचा, अन् याच क्रमानं ते तीन तुकडे लिफाफ्याच्या प्रोग्रामच्या हाती द्यायचे (त्याले तुम्ही आर्ग्युमेंट म्हणता म्हणे). शेगावचा एक, बीबी गावचा एक लिफाफा छापून दाखवला अन् चहा पिऊन पसार. मी येडी गावभर सांगत फिरली, भाचा पाहा माझा!

आता माझ्या काजलच्या लग्नाले आठ दिवस राह्यले. गावातल्या एकशे चाळीस घरांले चूलबंद आवतन द्यायचं होतं (घरची चूल पेटवायची नाही, लहानथोर साऱ्यांनी जेवायले यायचं). छापून काय आलं? 'फक्त एक व्यक्ती'! अन् कळलं कधी, तर सारे वाटून झाल्यावर. तू माणसाच्या नावाभोवती अवतरणचिन्हं घातली, गावाभोवती नाही, अन् चिन्हं नसली की मधातली जागा दिसताच प्रोग्राम नावाचे दोन तुकडे करते. मग 'पिंपळगाव' झालं गाव, अन् 'राजा' जाऊन बसला आवतनाच्या जागेवर. प्रोग्रामले ते काही उमजलं नाही, अन् तूच त्याले शिकवून ठेवलं होतं, उमजलं नाही तर एकच माणूस धर. (आमच्याइथं उमजलं नाही तर विचारतात. पुण्यात पद्धत नसेल.) म्हणजे बीबीचे लांबचे पाहुणे लेकराबाळांसकट येतील, अन् शेजारच्या सत्यभामाबाई, ज्यांनी काजलची हळद दळून दिली, त्यांच्या घरचे आठातले सात उपाशी! माझे चुलत सासरे, तुळशीराममामंजी, त्यांनी तर निरोप धाडला, आमच्याकडून शेतावरचा सालदार गडी येईल. मशीनची चूक झाली म्हटलं तर लोक विचारतात, मशीनले आमचंच गाव दिसलं काय? स्वतःच्या गावात पोरीचा मंडप रिकामा राहते का काय, या धास्तीनं मले जेवण जात नाही.

अन् तुले फोन केला तर तू म्हणाला, आत्या, तुझी यादीच चुकली, गावाचं नाव जोडून लिही. वा रे वा, चोराच्या उलट्या बोंबा! तुझी दोन चिन्हं वाचावी म्हणून गावानं नाव बदलायचं काय? एसटीच्या पाटीपासून सातबाऱ्यापर्यंत सारं जोडून घेऊ? साऱ्या सुट्ट्या इथंच हरभरा खाऊन काढल्या, अन् गाव एकाच शब्दाचं असते असं धरून चालला. लाज वाटू दे जराशी.

तुझी,
सुवर्णाआत्या

ता. क. : चिन्हं मीच घातली. दोन मिनिटं लागली. नवे लिफाफे घेऊन दारोदार फिरून राह्यली आहे. मामंजी अजून बोलत नाहीत.

आणखी ता. क. : कोणाले सांगू नको, पण त्या एकशे चाळीसातला एकही लिफाफा मी वाचला नव्हता. भाच्यानं केलं म्हणजे बरोबरच असेल, असं वाटलं.

शेवटचं : सुट्टी नाही, मोबाईलवर लग्न पाहीन, असं तू फोन ठेवता ठेवता म्हणाला. तुझे बाबा असते तर मामा म्हणून काजलच्या पाठीशी तेच उभे राह्यले असते. काजल म्हणते, दादा आला नाही तर माझ्यामागे कोणालेच उभं करू नका. ये रे बाबा. आईले घेऊन ये. उरलेल्या शिव्या समोर देईन.