काही बिघडलेलं नाही

सोमवार, ता. ९

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. रागात असलं तरी थोरल्या बहिणीला तेवढे द्यावेच लागतात, म्हणून दिले. त्यापलीकडे त्यात काही शोधू नकोस.

मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे. तुझ्याकडे सगळे ठीक असतील. धाकटीची परीक्षा एव्हाना आटोपली असेल. तुझ्या बायकोला मी आठवण काढली म्हणून सांग, तिच्याशी माझं काही वाकडं नाही.

आता कामाचं. फोन का केला नाही ते आधी सांगते, नाहीतर म्हणशील, म्हातारीला पत्रं लिहायची नवी लहर आली. तू फोन उचलशील हे मला ठाऊक आहे. उचलशील आणि म्हणशील, "बोल." तुझं ते कोरडं "बोल" मला ऐकायचं नाही. शिवाय मी उभी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली. माणूस काय बोलतो त्याच्या आधी तो कसा बोलतो ते पलीकडे पोचतं. तेव्हा कागदच बरा.

तर तू दिलेल्या कम्प्युटरला रोग लागलाय. मी आपली विणकामाचे नमुने बघत बसले होते. अचानक सगळा पडदा लालभडक झाला, रुग्णवाहिकेसारखा भोंगा वाजायला लागला, आणि एक बाई बोलायला लागली: तुमचा कम्प्युटर धोक्यात आहे, तुमची माहिती चोरीला जात आहे, ताबडतोब तपासणी करा. उच्चार स्वच्छ होते, पण बाई मध्ये श्वास घेत नव्हती. आमच्याकडे असं बोलली असती तर मुख्य बाईंनी पहिल्याच दिवशी घरी धाडलं असतं. खाली लिहिलं होतं, तपासणी फुकट. मी दाबलं. तू म्हणशील, दाबलंसच का? भोंगा थांबावा म्हणून दाबलं. शेजारच्या बाळंतिणीचं मूल नुकतं झोपलं होतं.

पाहता पाहता त्याने शेकड्यांनी व्हायरस सापडल्याचं जाहीर केलं आणि आपण होऊन आत ठाण मांडलं. कोपऱ्यावर ढालीचं चित्र. म्हणे अँटिव्हायरस. तेव्हापासून मी कम्प्युटर लावला की तो लाल पडदा हजर, ती बाई हजर, आणि खाली मोठ्या आकड्यांत एक फोन नंबर. त्या नंबरावर मी फोन केलेला नाही, आणि त्याबद्दल मला काही विचारू नकोस.

चौकातल्या दुकानात एक दुरुस्तीवाली आहे. गळ्यात सतत कुठली ना कुठली वायर अडकवून फिरते, म्हणून मी तिला डॉक्टरीणबाई म्हणते. तिला विचारलं. ती म्हणाली, काकू, तुमच्या कम्प्युटरला दुसरं काही झालेलंच नाही, तो अँटिव्हायरस हाच आजार आहे. ते सापडलेले व्हायरस सगळे थापा. चोराच्या उलट्या बोंबा! तो काढायचा तर म्हणे मालकाचा पासवर्ड लागेल. तो तू घातला आहेस, मी भलतंसलतं काही दाबू नये म्हणून. तर तेवढा कळव.

तू यावंस असं मी म्हणत नाही. मागच्या थंडीत तू माझ्याच घरात उभा राहून जे बोललास, ते मी विसरलेले नाही. आणि प्रिंटरच्या वायरीचं म्हणशील, तर ती ड्रॉवरमध्ये नीट गुंडाळलेली सापडली, एवढ्यावरून ती मीच काढून ठेवली असं सिद्ध होत नाही. तुला "चालता हो" मी म्हटलं, ते मान्य. पण तूही असा गेलास की जिन्यात एकदा मागे वळून पाहिलं नाहीस. मी दारात उभी होते. वर्ष होत आलं, बारक्या. दोघांपैकी एकाचाही पीळ सुटत नाही.

पासवर्ड तेवढा पाठव. चार अक्षरं लिहायला काही नांगर धरावा लागत नाही.

तुझी थोरली बहीण


शुक्रवार, ता. २०

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

तुझा मेसेज मिळाला. मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखा तो पासवर्ड, आणि पुढे पूर्णविराम. कशी आहेस नाही, काय झालं नाही. आधी मी चिडले. मग लक्षात आलं, आमच्या भागातलं टपाल तुझ्याकडे पोचतं दुपारी, आणि तुझा मेसेज आला दिवेलागणीच्या आत. म्हणजे पत्र वाचून तू ते टेबलावर टाकून दिलं नाहीस. मेसेज मी डॉक्टरीणबाईलाही दाखवला. ती म्हणाली, आता कशाला काकू? 

ती असं का म्हणाली ते सांगायला हे पत्र लिहितेय. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा फाडलं. आता फाडणार नाही.

त्या नंबरावर मी फोन केला होता.

पहिल्यांदा केला तो घाबरून. पलीकडे एक तरुण माणूस. "नमस्कार मावशी, अजिबात काळजी करू नका, मी आहे ना," असं म्हणाला. दुसऱ्या वाक्याला मी ओळखलं, हा समोर कागद धरून वाचतोय. जिथे वाक्य संपत नाही तिथे थांबतो आणि जिथे थांबायचं तिथे धावतो. त्याच्या मागे आणखी दहाजण तेच वाचत होते. मी काय दुधखुळी आहे? लबाड आहे हे मला तिथल्या तिथे कळलं. फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "मावशी, जेवण झालं का?"

तेही कागदावर लिहिलेलंच असणार. पण मी म्हटलं, हो, झालं. मग काय जेवले तेही सांगितलं. आई गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारावं असं कुणाला म्हणताही येत नाही.

आमच्या एक्सचेंजचा एक नियम होता, तुला लहानपणी पाठ होता. ऑपरेटरने आधी फोन ठेवायचा नाही. पलीकडचा ठेवेपर्यंत लाइन धरायची. तो नियम माझ्या हाडीमांसी भिनलाय. मी लाइन धरली. तो म्हणाला, अमुक बटण दाबा, म्हणजे तुमचा कम्प्युटर मला इथून दिसेल. मी म्हटलं, दाबलं हं. दाबलं नव्हतं. तो म्हणाला, काय दिसतंय? मी म्हटलं, अजून गोल गोल फिरतंय. माझ्यासमोर पडदा बंदच होता, बारक्या. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा केला. मग रोजच. दुपारचं काम आवरलं की चष्मा पुसायचा, स्टूल ओढायचं आणि फोन लावायचा. कधी वीज गेल्याचं सांगितलं, कधी माउस रुसल्याचं. तो शेवटी शेवटी कार्डाचा नंबर मागायचा, मग मला खोकला यायचा. मधल्या वेळात गप्पा. त्याला सांगितलं, माझा धाकटा भाऊ कम्प्युटरमधला मोठा जाणकार आहे. तुझी इतकी स्तुती मी तुझ्यासमोर कधी केली नसेल. लबाडाला मी लबाडीने झुलवत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. सकाळी उठल्यावर दुपारची वाट बघायचे. लाल पडदा लागला, ती बिनश्वासाची बाई ओरडायला लागली, तर वाटायचं, चला, घरात कुणीतरी आहे.

डॉक्टरीणबाईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, घेऊन या, काढून देते. मी आज नेते, उद्या नेते करत राहिले. तो काढला असता तर मी फोन कुठल्या तोंडाने केला असता?

मग एका दुपारी त्याचा तोल गेला. मी त्याला सांगत होते की गोल गोल अजून फिरतंच आहे. मागचा गलबला ऐकू येत होता. मग तो बोलला, आणि या वेळी कागद नव्हता. अगदी साध्या, थकलेल्या आवाजात म्हणाला:

"मावशी, तुमचं काहीच बिघडलेलं नाही. तुम्हाला नुसतं कुणीतरी बोलायला हवंय."

आणि त्याने फोन ठेवला.

तुझंच वाक्य, बारक्या. प्रिंटरची वायर हातात धरून तू हेच म्हणाला होतास. मावशीच्या जागी ताई, एवढाच फरक. तू म्हणालास तेव्हा मला इतकं लागलं की मी तुला घराबाहेर काढलं. आता एक परका भामटा म्हणाला, ज्याने मला कधी पाहिलंही नाही. त्याला मी कुठून बाहेर काढणार? मी स्टुलावर तशीच बसून राहिले, कानाशी फोन धरून. रागही आला नाही. मग बऱ्याच वेळाने रडू आलं. खूप रडले. आई गेली तेव्हा पाहुण्यांचं बघण्यात रडायचं राहिलंच होतं, तेही त्यात भागलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईला घरीच बोलावलं. तिने आधी इंटरनेटची वायर उपटली. म्हणाली, याची रसद तोडू. मग कम्प्युटर अशा रीतीने चालू केला की फक्त गरजेपुरता जागा होतो, बाकी झोपलेला. सेफ मोड म्हणतात त्याला, तुला काय सांगायचं म्हणा. त्या अवस्थेत आतल्या भामट्याला, म्हणजे त्या खोट्या अँटिव्हायरसला, उठता येत नाही. मग तिने तो यादीतून काढून टाकला. तर जाता जाताही त्याने विचारलं, तुम्हाला खात्री आहे का? तुमचं संरक्षण संपेल. डॉक्टरीणबाईने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, काकू, शेवटचं तुम्हीच दाबा.

माझं बोट तिथेच थांबलं. तिला वाटलं, मला नीट दिसत नाही. तिने ती जागा दाखवली. मी दाबलं.

मग तिने कानाकोपरे झाडले, ब्राउझरमध्ये त्याने पेरून ठेवलेलं काय काय काढलं, खरा अँटिव्हायरस घालून दोनदा तपासणी केली. तुझ्या पासवर्डाची गरजच पडली नाही. तू तो घातला होतास खरा, पण मागे तूच कधीतरी घाईत मला मालकीण करून ठेवलं होतंस. म्हणूनच तर तो भामटा माझ्या एका बोटाने आत शिरला. यावर तुला ओरडायचा हक्क मला आहे, पण तो राखून ठेवते. निघताना तिने विचारलं, त्या नंबरावर फोन नाही ना केला? मी म्हटलं, छे. ती हसली नाही. नुसतं म्हणाली, दुकान दिवसभर उघडं असतं काकू, येत जा.

हे सगळं माझं पहिलं पत्र लिहिण्याआधीच झालं होतं. ते लिहिलं तेव्हा कम्प्युटर स्वच्छ होऊन शेजारीच गप्प बसला होता. पासवर्ड हे निमित्त होतं. म्हणजे लांडगा आला रे आला, असं मी पुन्हा एकदा ओरडले, आणि तू पुन्हा एकदा काठी घेऊन निघालास, मेसेजने का होईना.

आता कम्प्युटर लावला की सरळ चालू होतो. कुणी ओरडत नाही, धोका नाही, ढाल नाही. विणकामाचे नमुने दिसतात. तुझ्या धाकटीसाठी एक स्वेटर विणायला घेतलाय, पाठ झाली, बाह्या राहिल्यात. ती आता केवढी झाली ते मला माहीत नाही, म्हणून बाह्यांवर अडलेय. दुपारी घर खायला उठतं. स्टूल मी उचलून गॅलरीत ठेवलंय. तरी कामं आवरली की पाय आपोआप तिकडे वळतात.

हे मी तुला तोंडावर कधी म्हणू शकले नसते, म्हणून लिहून देते. तुला बोलवायला मला आजवर काहीतरी मोडकं लागायचं. बल्ब, नळ, प्रिंटर. नुसतं ये म्हटलं आणि तू म्हणालास, वेळ नाही, तर? बिघाड सांगितला की तुला यावं लागायचं, आणि न आलास तरी, तू बिघाडाला नाही म्हणालास, मला नाही, अशी मी माझी समजूत घालू शकायचे.

आज घरातला प्रत्येक दिवा लागतो. नळ गळत नाही. प्रिंटरची वायर प्रिंटरला आहे, मी आत्ता उठून बघून आले. काही म्हणजे काही बिघडलेलं नाही.

तरी ये.

यायला जमत नसेल तर फोन कर. नुसतं "बोल" म्हणालास तरी चालेल, मी बोलेन. आणि फोन आधी तूच ठेवायचास.

अजून लाइनवर असलेली,
ताई