एक हॉर्न म्हणजे माल पुरा

मी, गुरुबसप्पा महादेवप्पा बिराजदार, राहणार लातूर, धंदा मालवाहतूक, वय सत्तरीपुढे, पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. शरणम्माचा असतो, पण तो भाजीपुरता. माझ्यामागे भांडणे नकोत म्हणून हे लिहून ठेवतो.

१) लातूरचे घर व बँकेतील शिल्लक माझा मुलगा श्रीनाथ यास. तो नांदेडला मास्तर आहे, स्वभावाने गाय. टेम्पोत बसला की त्याला ओकारी येते, म्हणून टेम्पो त्यास नाही. त्याने वाईट वाटून घेऊ नये, सुटलो म्हणावे.

२) टेम्पो शरणम्मा यांना. त्या क्लाससाठी आलेल्या पोरींची मेस चालवतात. या मेसला कोठी नाही. अर्धापूरची केळी, लोह्याची भाजी, अहमदपूरची डाळ, चाकूरचे दूध असे गोळा करत मी येतो आणि टेम्पोत जे असेल तेच दुपारी ताटात पडते. लोक हसतात. हसोत बापडे! भूकंपात शरणम्माच्या माळवदाखाली वर्षाच्या ज्वारीची पोती रचलेली होती. त्या पोत्यांखालून शरणम्मा निघाल्या, सासू निघाली नाही. तेव्हापासून त्यांच्या छपराखाली उद्याचे धान्य राहत नाही. मी कधी वाद घातला नाही, रोज वेळेवर आलो.

कोपऱ्यावर मी एक हॉर्न दिला की माल पुरा, दोन दिले की काहीतरी कमी, बेत बदला. हॉर्न ऐकल्याशिवाय शेगडी पेटत नाही. एकदा अहमदपूरला टायर फुटले. मी सगळा माल लातूरकडे निघालेल्या वऱ्हाडाच्या ट्रकात चढवला. भाजी बँडच्या गजरात दारात पोचली, अगदी वेळेवर! पण शेगडी थंड. पोरी नुसती केळी खाऊन पेपरला गेल्या. मी पोचलो तर शरणम्मा कमरेवर हात देऊन उभ्या. "भाजी आली अण्णा, हॉर्न कुठं हाय?" कपाळ माझे!

३) आडतवाला ग्यानोबा याने शरणम्माला "गोदाम बांधा, महिन्याचा माल एकदम टाकतो" असे सांगून माझ्या पोटावर पाय द्यायचा लई प्रयत्न केला. त्यास माझी फाटकी ताडपत्री. त्याचे स्वतःचे गोदाम गळते.

४) टेम्पो विकू नये. शरणम्माची सून देविका हिला मी चालवायला शिकवले आहे. गिअर टाकताना जीभ बाहेर काढते, पण गाडी रस्त्यावर ठेवते. घोर एकच. तिने हॉर्न दिला तर शरणम्मा म्हणतात, "कुणाची तरी जीप हाय." शेगडी पेटवत नाहीत. मग मी गेल्यावर या पोरींनी जेवायचे कधी? या विचाराने मला झोप लागत नाही, हे खरे सांगतो.

५) सही करण्याआधी, आज मेसमध्ये जे घडले तेही लिहितो. साक्षीदार म्हणून मी शरणम्मालाच बसवले होते. वकील ज्योत्स्नाताई सोनकांबळे म्हणाल्या, ज्यांना काही मिळायचे आहे त्यांनी साक्षीदार होऊ नये. शरणम्मांनी पेन खाली ठेवला. "मग दुसरा माणूस बघा. टेम्पो माझा हाय." आजवर माझ्याकडून साधा चहा फुकट न घेतलेली बाई!

दुसरा माणूस म्हणून शेजारच्या दुकानातून ग्यानोबाला बोलावले. तो साक्षीदार झाल्याने ताडपत्री रद्द, तीही शरणम्माला.

सगळे पेन शोधत होते तेवढ्यात कोपऱ्यावर हॉर्न वाजला. एकच. टेम्पो देविकाकडे होता, मी इथे खुर्चीवर शरणम्मांच्या समोर बसलेलो. शरणम्मांनी माझ्याकडे पाहिले आणि आत जाऊन शेगडी पेटवली.

आता सही करतो.

लातूर, दि. ९ ऑगस्ट २००७
गुरुबसप्पा महादेवप्पा बिराजदार

साक्षीदार:
ज्योत्स्ना सोनकांबळे, वकील
ग्यानोबा, आडत दुकानदार (ताडपत्री गेल्याचे वाचून सही केली. जेवूनच जाणार आहे.)