सेन्सरची साक्ष

४ फेब्रुवारी
टीव्हीतल्या टेनिसने आज माझा जाहीर अपमान केला. मी डाव्या कोपऱ्यात मारलेला निर्दोष फोरहँड यंत्राने उजवीकडे, प्रेक्षकांतल्या एका टोपीवाल्या गृहस्थावर नेऊन टाकला. वर पडद्यावर अक्षरे : ‘छान प्रयत्न!’ उभा जन्म बातमीदारीत गेला, पण डिपॉझिट गेलेल्या उमेदवारालाही मी असे कधी म्हटलेले नाही.

खेळ मेहुण्याने आणलाय. कंट्रोलर रॅकेटसारखा फिरवायचा, टीव्हीखालचा सेन्सर हालचाल टिपतो, पडद्यावरची बाहुली तसेच करते. आणलाय हिच्यासाठी. अर्धांगाच्या झटक्यातून ही सावरली, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. फिजिओ म्हणाली, व्यायामाचा कंटाळा येतो ना, मग खेळा. ही शाळेत गणित शिकवते. फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत हात पोचला की परत रुजू. मार्चअखेर शाळा ठरवणार, ही की बदलीवरच्या बाई.

मार्च उजाडायच्या आत हात वर. माझे अंदाज सहसा चुकत नाहीत.

६ फेब्रुवारी
हिच्या सगळ्या सर्व्हिस नेटमध्ये. बाहुली हात छातीपर्यंत नेते आणि थांबते. वास्तविक हिचा हात कपाळापर्यंत गेला होता, मी स्वतः पाहिले. निदान नाकापर्यंत. दोष सेन्सरचा. न्यायशास्त्रात प्रमाणे चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. त्यात सेन्सर नाही.

९ फेब्रुवारी
सेन्सरला म्हणे ऊन चालत नाही. पडदे ओढले. मग म्हणे अंधार चालत नाही. दिवा लावला. टेबल बाल्कनीत, सोफा दाराशी. ही म्हणाली, अहो, घर हलवून झालं असेल तर मी हात हलवू का?

सर्व्हिस नेटमध्ये.

१३ फेब्रुवारी
मेहुण्याला फोनवर झापले. कसला भिकार सेन्सर गळ्यात मारलास! तो ऑफिसातून तडक आला, बूटही न काढता सर्व्हिस मारली. एस. पुन्हा मारली. पुन्हा एस, समोरच्या बाहुलीला चेंडूला रॅकेटही लावता आली नाही. म्हणाला, भावोजी, चालतंय की! हा लहानपणापासूनच नशीबवान. याच्यावरून काही सिद्ध होत नाही.

१५ फेब्रुवारी
शोध! सेटिंगमध्ये ‘मदत’ नावाचे कलम आहे. ते पूर्ण वाढवले की मनगट जरासे हलले तरी बाहुली हात थेट डोक्यावर नेते. ही लबाडी नव्हे. यंत्र कमी मोजत होते, मी भरपाई केली. शुद्ध दोषपरिहार. हिला सांगितले नाही. पेशंटच्या डोक्याला ताप कशाला?

१६ फेब्रुवारी
एस! मग आणखी एक! मी सोफ्यावरून ओरडलो, शेजाऱ्यांनी बेल वाजवली. ही मात्र पडद्याऐवजी माझ्याकडेच बघत होती. कौतुकाने असावे.

२३ फेब्रुवारी
फिजिओ ट्रेनिंगसाठी परगावी. फोनवर स्कोअर सांगितला. खूश झाली. म्हणाली, मग खांदा सुटलाय, काका, त्याला ताण देण्याचे व्यायाम तूर्त थांबवा, बोटांचे व्यायाम सुरू करू. ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. संपादक म्हणाले, बातमी काय? म्हटले, घरची आहे, छापायची नाही.

१८ मार्च
फिजिओ परतली. कंट्रोलर बाजूला ठेवायला लावला. म्हणाली, नुसता हात वर करा, मॅडम. छातीपर्यंत आला. थांबला. पुन्हा. थांबला.

मग तिने टीव्हीवर सेटिंग उघडले. विचारले, काका, हे कुणी केलं? मी म्हणालो, कंपनीकडूनच तसं येत असेल. ही म्हणाली, यांनी केलं. मला पहिल्याच दिवशी कळलं, हात उचललाच नव्हता आणि सर्व्हिस गेली. मग बोलला का नाहीत, असे फिजिओने विचारले. तर म्हणे, कित्येक दिवसांनी हे जेवताना गुणगुणत होते.

खांदा पहिल्यापेक्षा आखडलाय. हेच आठवडे महत्त्वाचे होते, फिजिओ म्हणाली. अगदी हळू म्हणाली. ओरडली असती तर बरे झाले असते, मला उलट बोलता आले असते.

३० मार्च
शाळेने बदलीवरच्या बाईंना कायम केले. हिने फोन ठेवला आणि म्हणाली, चांगलं झालं, त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा सुरेख आहे. मग भाजी निवडायला बसली. डाव्या हाताने.

२ एप्रिल
‘मदत’ बंद केली आहे. खांद्याला ताण देणे पुन्हा सुरू. संध्याकाळी मी हिचा हात धरून वर नेत होतो. दुखतंय का, विचारले. छे, म्हणाली, आज बराच वर गेला, नाही? डोळ्यांत पाणी होते. मी हो म्हणालो.

हात आता वर येणार नाही, अशी मला भीती वाटते. त्याहून जास्त भीती ही की दुखले तरी ही यापुढे मला सांगणार नाही.